बांगड्या भरून चालवलेली सायकल

माझी नात नांदेडलाच कॉलेजात शिकते. एका दुपारी ती मोबाईल घेऊन माझ्या खाटेजवळ आली आणि म्हणाली, "नाना, तुमच्या धंद्यातला माणूस सापडला."

फोटो जुना, काळापांढरा होता. पिळदार मिशांचा एक तरणाबांड गोरा माणूस, अंगात घट्ट बनियन, सायकलीवर वाकून बसलेला. मी चष्मा लावला आणि आधी सायकल बघितली. ब्रेक नव्हता.

"याला फ्रीव्हील पण नसंल," मी म्हणालो.

तिनं खालचं इंग्रजी वाचलं आणि माझ्याकडं बघायला लागली. "नव्हतंच. तुम्हाला कसं कळलं?"

"ब्रेक न्हाई तर थांबणार कशानं? पायानंच की."

मग तिनं मला सगळं वाचून दाखवलं. शंभर वर्षांमागचा हा फ्रान्सचा माणूस. लाकडी फळ्यांच्या गोल मैदानात सायकल चालवायचा. काही शर्यती दिवसच्या दिवस चालायच्या, खाणंपिणं सायकलीवरच. लोक डोक्यावर हॅट घालून, तिकीट काढून बघायला यायचे. पेपरात त्याचं नाव छापून यायचं. आणि त्याच्या नावापुढं एक शब्द होता, तो तिनं सहज वाचून टाकला. खेळाडू.

मला तो शब्द सहज गिळता आला नाही. मीही उमेदीची सगळी वर्षं हेच केलं. लोहा, उदगीर, देगलूर, निलंगा, गावोगाव, गोल रिंगणात. मला कुणी खेळाडू म्हटलं नाही. सायकलवाला म्हणाले, तमाशेवाला म्हणाले, कुठं कुठं भिकारीही म्हणाले. डोंबारी म्हणाले, पण ती मला कधी शिवी वाटली नाही. त्यांच्या पोरी दोरीवरून चालतात, ते मला जन्मात जमलं नसतं. रेशनकार्डावर आजही मी मजूर आहे.

या अंकाच्या संपादकांनी आधीच एकदा फोन केला होता, "तुमच्या त्या जुन्या लोककलेवर लिहा" म्हणून. तेव्हा मी नाही म्हणालो होतो. फोटो बघितल्यावर मीच उलटा फोन लावला. म्हटलं, लिहितो. पण लोककला म्हणून नाही आणि कुणाला दया यावी म्हणूनही नाही. आम्ही काय काम करत होतो ते लिहितो.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावात जायचं, मोकळी जागा बघायची. जागा बहुतेक बाजारतळाची, कारण तिथं मुरूम असतो. काळ्या मातीत सायकलचा सप्ताह होत नाही. चाक धरून ठेवते ती. हो, सप्ताहच म्हणायचे लोक. आमच्याकडं सप्ताह म्हणजे हरिनामाचा, सात दिवसांचा. आमचाही सात दिवसांचा, म्हणून हा सायकलचा सप्ताह. पांढऱ्या फक्कीनं गोल रिंगण आखायचं, मधोमध बांबू रोवायचा, बांबूवर भोंगा. मग मी सायकलवर चढायचो आणि सातव्या दिवशी उतरायचो. आंघोळ, दाढी, कपडे बदलणं, जेवण, सगळं चालत्या सायकलीवर. मधे मधे खेळ. उलटी सायकल चालवणं, दांडीवर उभं राहणं, पुढचं चाक काढून एका चाकावर फेरी मारणं. लोक खुशीनं देतील ते घ्यायचं. कुणी ज्वारी, कुणी टॉवेल-टोपी, एकदा एका म्हातारीनं जिवंत कोंबडा दिला, तो घेऊन मी दोन फेऱ्या मारल्या.

माझ्या सायकलीचं फ्रीव्हील मी वेल्डिंग करून घट्ट केलेलं होतं. म्हणजे चाक फिरलं की पेडल फिरणार, पेडल थांबलं की चाक थांबणार. मधलं काही नाही. अशी सायकल उलटी जाते, जागच्या जागी उभी राहते, आणि झोपेतही साथ देते. लोकांचा विश्वास बसत नाही, पण सायकलीवर झोपता येतं. पाय फिरत राहतात आणि डोळा लागतो. पाय ढिले पडले की पेडल त्यांना ओढतं, आणि माणूस जागा होतो. दुपारपर्यंत एका बाजूनं फिरायचं, नंतर दुसऱ्या बाजूनं, नाहीतर एकच खांदा खाली उतरतो. एवढं करूनही माझा डावा खांदा आज उतरलेलाच आहे. शर्ट शिवताना शिंपी दर वेळी टेप दोनदा लावून बघतो.

आणि लोक जे आधी कुजबुजत विचारतात तेही सांगून टाकतो. विधीसाठी उतरावं लागतं. रिंगणाच्या कडेला आम्ही पडदा बांधायचो. भोंग्यावर जाहीर करून जायचो आणि जाहीर करून यायचो. मी सात दिवस उतरलोच नाही असं जो सांगतो तो खोटं सांगतो. आम्ही खोटं सांगितलं नाही, आणि एकदा त्याच खरेपणानं आम्हाला अडचणीत आणलं. ते पुढं येईलच.

भोंग्यावर नारबा असायचा. नारायण कदम, लोह्याजवळच्या एका खेड्यातला, घरची जमीन असलेला शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या वडलांचं नांदेडला इतवाऱ्यात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. नारबा तिथं सायकल भाड्यानं घ्यायला आला आणि मला पुढचं चाक उचलून गल्लीत फिरताना बघून तिथंच ओरडायला लागला, "अहो बघा, अहो बघा, नांदेडच्या इतवाऱ्यात चाक उडालं!" गल्लीतली माणसं खरंच गोळा झाली. त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं की मला फिरता येतं आणि याला बोलता येतं. त्यानं माझं नाव ठेवलं सायकलसम्राट शेख गनी. मी त्याला म्हणायचो, "अबे, सम्राट लोक मुरमावर झोपतेत का?" तो म्हणायचा, "तू कुठं झोपून राहिलास? तू फिरून राहिलास."

देगलूरकडं एका गावात एक म्हातारा रोज सकाळी येऊन रिंगणाच्या कडेला बसायचा. दोन्ही हात काठीवर. नुसता बघायचा. शेवटी एक दिवस मला हात करून म्हणाला, "बाबा, जायचं कुठं हाय रे तुला? एवढ्यात हैद्राबाद आलं असतं."

नारबा भोंग्यावरून म्हणाला, "आजोबा, त्याला कुठंच जायचं न्हाई. तुम्हाला हिथं आणायचं होतं, तुम्ही आलाव."

म्हातारा खुदकन हसला. दुसऱ्या दिवशी घरच्या सगळ्यांना घेऊन आला.

आता बांगड्यांचं सांगतो. बायको म्हणते, ते लिहू नका, लोक हसतील. पण नातेवाईक जमले की तीच आधी सांगते, "माझ्याआधी यांनी चुडा भरला होता." तेव्हा लिहिलेलं बरं.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं एक गाव. नाव देत नाही, तिथं आजही ओळखीचे लोक आहेत. बाजारतळावर रिंगण घातलं. त्या गावात बंडूशेठ म्हणून एकाचा व्हिडिओचा धंदा होता. पत्र्याच्या शेडमधे टीव्ही, व्हिडिओ आणि बसायला पोती. आम्ही आलो आणि त्याची शेड रिकामी पडली. सगळं गाव बाजारतळावर. पहिले दोन दिवस तो लांबून बघून गेला. मग गावात कुजबुज सुरू झाली की पडद्यामागं माणूस बदलतोय. गनी दोन आहेत, जुळे भाऊ. एक चालवतो, एक झोपतो.

अशी गोष्ट गावात पसरायला भोंगा लागत नाही. दुपारपर्यंत रिंगणाभोवती जी गर्दी झाली ती खेळ बघायला आलेली नव्हती. बायका मागं, पुरुष पुढं, आणि सगळ्यांच्या पुढं बंडूशेठ.

"तू हिथं फिरून राहिलास," तो मला म्हणाला, "आन् तुझा भाऊ उदगीरच्या स्टँडवर च्या पिऊन राहिला. म्या सोता बघितलं."

नारबा भोंग्यावरून म्हणाला, "शेठ, याला भाऊच न्हाई. चार बहिणी हायत. त्यातली कोण बघितलीव तुम्ही?"

लोक हसले. पण हसून गर्दी फुटली नाही. कुणीतरी म्हणालं, खूण करा मग. कुणीतरी म्हणालं, गोंदवा ह्याला. मी फिरता फिरता सांगितलं, "आमच्यात गोंदवत न्हाईत. ते मी करणार न्हाई."

"बघा!" बंडूशेठ वळून लोकांना म्हणाला. "नको म्हनून राहिला. खरा असता तर भिला असता का?"

आमचं सगळं त्या एका शब्दावर होतं. खरा. एका गावात खोटे ठरलो की पुढच्या गावात आमच्याआधी तीच गोष्ट पोचते. आठवड्याच्या बाजाराला दहा गावचे लोक येतात. तिथून पुढं लातूर, उदगीर, कुठंच आम्हाला कुणी रिंगण आखू दिलं नसतं. नारबाचा आवाज पहिल्यांदाच चढला. तो रागावला की मराठी सोडून हिंदीत जायचा. "भाइयो, ये आदमी का इमान..." असं काहीतरी सुरू केलं त्यानं, पण लोकांचा गलका भोंग्याच्या वर गेला.

बंडूशेठ रिंगणात शिरला. फक्कीच्या रेषेच्या आत. आमच्या रिंगणात चप्पल घालून कुणी येत नसे, तो आला. माझ्या सायकलीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "गुमान उतर. न्हाईतर हातात बांगड्या भर अन् मग चालव."

पुरुषाला बांगड्या भर म्हणणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. आता हा उतरणार आणि हात उचलणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. उतरलो असतो तर खेळ संपला होता आणि बंडूशेठला तेच पाहिजे होतं. मी सायकल जागेवर उभी केली. पाय न टेकता. पेडलवर वजन पुढंमागं करत, चाक एवढंसं इकडं, एवढंसं तिकडं. त्या फ्रान्सवाल्यांच्या शर्यतीतही म्हणे दोघं असे उभे राहतात, पुढं कोण निघतो त्याची वाट बघत. आम्ही दोघंही तसेच उभे होतो, फक्त त्याच्याकडं सायकल नव्हती.

मी विचारलं, "कोण भरतंय?"

बंडूशेठला समजलं नाही. "काय?"

"बांगड्या. कोण भरतंय?"

बाजारतळाच्या कडेला लिंबाखाली कासारीण बसायची. राधाबाई तिचं नाव. पन्नाशीची, किडकिडीत, कपाळावर मोठं कुंकू. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "म्या भरते की. या हिकडं."

"तो उतरू शकत न्हाई, मावशी," नारबा म्हणाला.

"मग म्याच येते."

ती टोपलं घेऊन रिंगणापर्यंत आली, रेषेबाहेर चपला काढल्या आणि आत आली. लोक हसत होते. तिनं हसणाऱ्यांकडं बघितलं. "हसता काय? म्या घट्ट भरलेली बांगडी फोडल्याबिगर निघत न्हाई. ह्याच्या जागी दुसरा गडी आला, तर त्याच्या हातात ह्याच बांगड्या कुठून आणाल?"

"दुसऱ्याला पण आणून भरतील," बंडूशेठ म्हणाला.

"कुठून? म्या उरलंसुरलं भरणार. हिरवी एक, लाल एक, ही चट्ट्यापट्ट्याची एक. असला जोड सगळ्या तालुक्यात धुंडून आन, मंग बोल."

मी एक हात हँडलवर ठेवला आणि दुसरा तिच्या हातात दिला. सायकल जागेवरच उभी. तिनं माझा पंजा दाबला, अंगठ्याचं हाड आत ढकललं, "ढिला सोड," म्हणाली. ढिला सोडला असता तर तोल गेला असता. नाही सोडला तर बांगडी जात नव्हती. पुरुषाचा पंजा, त्यात सायकलवाल्याचा, हँडल धरून धरून लाकूड झालेला. तिनं तोंडानं चुकचुक करत एकेक बांगडी चढवली. डोळ्यात पाणी आलं माझ्या. लाजेचं नव्हतं, हाडाचं होतं. मग हात बदलला. एवढा वेळ जागेवर उभं राहणं मी त्याआधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

दोन्ही हात भरून झाले. राधाबाई बाजूला झाली. मी हात वर केले आणि सायकल पुढं काढली, हात सोडूनच. बांगड्या वाजल्या. बंडूशेठला बाजूला व्हावं लागलं. नारबा मयतीतही हळू बोलायचा नाही. तो अगदी हळू, भोंग्यात ओठ लावून म्हणाला, "मंडळी, खेळ चालू हाय."

पुढचे दिवस मी तसाच फिरलो. पडद्यामागून बाहेर आलो की आधी दोन्ही हात वर करून वाजवायचे, मग सायकल. बायका पुढं येऊन बसायला लागल्या. आधी मागं असायच्या त्या. एक नवी सून होती, डोक्यावरचा पदर न सोडता म्हणायची, "भाऊ, डाव्या हाताच्या जपा, हँडलला लागून राहिल्यात." दुसरी म्हणाली, "आता कळलं का आम्ही भाकरी कशा थापतो ते." मी म्हटलं, कळलं. खरंच कळलं होतं. दाढी करताना मनगट वळवायचं तर काच टोचायची, झोपताना कोपर टेकवायचं तर बांगड्या मधे. रिंगणाच्या बाहेर काही माणसं हसायची. हसू दिलं. मी मोठ्या आवाजात बांगड्या वाजवत त्यांच्यासमोरून जायचो.

शेवटच्या दिवशी दुपारी पुढच्या चाकातून हवा गेल्याचा आवाज आला. मुरमात बाभळीचे काटे टाकलेले होते, लांब, पांढरे. कुणी टाकले ते मला माहीत नाही. बंडूशेठचं नाव मी घेत नाही. बाभळ सगळ्यांच्याच बांधावर असते.

टायर बसला. रिमवर फिरायला लागलो तर हँडल हातात ठरेना. उतरायचं म्हटलं तर आता, शेवटच्या दुपारी, सगळ्या गावासमोर. नारबानं भोंगा सोडला आणि पाना घेऊन धावत आला.

"चाक काढू?"

"काढ."

पुढचं चाक काढून एका चाकावर फिरणं हा आमचा खेळच होता, वर सांगितलाय. पण तो पहिल्या दिवशी ताज्या पायांनी करायचा खेळ. नारबानं पळत पळत नट ढिले केले, मी हँडल छातीकडं ओढून पुढचा भाग उचलला, त्यानं चाक उपसून घेतलं आणि दुसरं आणायला पळाला. मी मागच्या चाकावर. फिक्स चाक असल्यामुळं पुढंमागं करत तोल धरता येत होता, फ्रीव्हील असतं तर केव्हाच पाठीवर पडलो असतो. हँडल ओढताना उजव्या हाताच्या दोन बांगड्या फुटल्या. रक्त निघालं, कोपरापर्यंत आलं.

"फुटल्या!" कुणीतरी ओरडलं.

"वाढल्या म्हना रं," मागून एका बाईनं दटावलं.

राधाबाई पुढं आली आणि मुरमातले तुकडे उचलून तिनं वर धरले. "ह्या माझ्याच. बाकीच्या हातात हायत. मोजा कुणाला मोजायच्या तर." कुणी मोजल्या नाहीत. नारबानं दुसरं चाक बसवलं, मी पुढचा भाग खाली आणला आणि मग जो आवाज झाला तो मी आजवर विसरलो नाही. टाळ्या नव्हत्या. सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला, त्याचा आवाज होता.

संध्याकाळी उतरलो. पाय जमिनीला ओळखत नव्हते, दोघांनी धरून बसवलं. गावानं हार आणला होता आणि रीतीप्रमाणं तो घालायला गावातले बडे लोक पुढं आले, त्यात बंडूशेठही होता. हार त्याच्याच हातात दिला कुणीतरी. मी मान पुढं केली नाही. हात पुढं केले.

"आधी हे बघा, शेठ. मग घाला."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्योच हाय."

मला एवढंच पाहिजे होतं. हार नंतर घातला की नाही ते आठवत नाही. राधाबाई बांगड्या काढायला आली तर मी म्हटलं, राहू द्या. एस.टी.नं नांदेडला आलो तोवर त्या हातातच होत्या. गाडीत लोक बघत होते. मी हात खिडकीच्या गजावर ठेवला होता, चांगला दिसेल असा.

लातूरचं एक सांगितलं पाहिजे, कारण सगळीकडं मी जिंकलोच असं वाटायला नको. लातूरला एकदा सायकलची मोठी शर्यत होती, रस्त्यावरची. नारबा म्हणाला, नाव दे, एकदा कागदावर येऊ दे तुझं नाव. आम्ही गेलो. टेबलामागच्या माणसानं माझी सायकल बघितली, मग मला बघितलं. म्हणाला, ब्रेक नाही, चालणार नाही. मी म्हटलं, भाड्यानं ब्रेकवाली आणतो. तर तो म्हणाला, "तसं नाही हो. ही खेळाडूंची शर्यत आहे. तुम्ही खेळ करणारे."

या दोन शब्दांत काय फरक आहे ते मी नारबाला विचारलं. तो म्हणाला, आधी ब्रेकवाली आणू. आम्ही एका ओळखीच्या दुकानातून ब्रेकची सायकल घेतली आणि शिट्टी वाजल्यावर मी सगळ्यांच्या मागून, नंबर न लावता निघालो. मला अडवायला कुणी मोकळं नव्हतं. पहिला आलो नाही. सरळ रस्त्याची मला सवय नव्हती. वळण आलं की मी पुढं जायचो, सरळ लागलं की मागं पडायचो. गियरच्या सायकलीवाली पोरं केव्हाच निघून गेली. पण ज्यांच्या छातीवर नंबर होते त्यातले बरेचजण मी मागं टाकले, आणि मी मागं टाकताना त्यांनी मला बघितलं. कुठं लिहून ठेवलेलं नाही. लिहिलं नाही म्हणून झालं नाही असं होत नाही.

धंदा कसा संपला हे विचारू नका. घरोघरी टीव्ही आले. बाजारतळावर दुकानांचे गाळे उभे राहिले, मुरूम फरशीखाली गेला. भोंग्याला परवानगी लागायला लागली. एक दिवस एका गावात सकाळी रिंगणाभोवती कुणीच नव्हतं. तरी मी सातव्या दिवसापर्यंत फिरलो, आणि नारबा रिकाम्या बाजारतळाला "मंडळी" म्हणत राहिला. अर्ध्यात उतरायचं आम्हाला माहीतच नव्हतं. त्यानंतर मी नांदेडला सायकल दुरुस्ती केली, तो गावाकडं शेतीत गेला. मला एकाच गोष्टीची हळहळ आहे. आमचा दोघांचा एकत्र फोटो नाही. लोक फोटो माझा काढायचे, त्यात नारबा कुठं नसायचा, तो बांबूपाशी.

यंदा उन्हाळ्यात नारबा गेला. तेराव्याला मी लोह्याला गेलो, तिथून त्याच्या गावी. दारात मांडव, खुर्च्या, माईक. त्याच्या मोठ्या मुलाचं, दिगंबरचं, खताचं दुकान आहे. चांगला मुलगा. माझ्या पाया पडला, चहा दिला आणि बाजूला घेऊन म्हणाला, "काका, लोक बोलतील आता बाबांवर. तेवढं ते गावोगाव फिरायचं, भोंग्याचं, नका काढू. बहिणीच्या सासरचे आलेत."

खुर्चीवर जाऊन बसलो. एकामागून एक माणसं उठली. कष्टाळू शेतकरी होते, म्हणाले. मातीशी इमान राखलं, म्हणाले. बैलांवर लेकरासारखी माया, म्हणाले. मी ऐकत होतो. ज्या माणसाबद्दल ते बोलत होते त्याला मी ओळखत नव्हतो.

मी उठलो. दिगंबर माझ्याकडं बघत होता. माईकवाल्यानं माईक पुढं केला. आयुष्यभर मी माईक हातात धरला नव्हता, ते काम नारबाचं होतं. थंड लागला हाताला.

"मी शेख गनी," मी म्हणालो. "नारबा चांगला शेतकरी होता म्हनून सगळे सांगून राहिले. खोटं हाय. त्याच्याएवढा वाईट शेतकरी या तालुक्यात झाला न्हाई. पेरणीच्या टायमाला तो कधीच शेतात नसायचा. तो माझ्यासंगं असायचा."

मांडवात कुणीतरी हसलं.

"तो बोलणारा होता. रिंगणात मी सायकल चालवायचो आणि हा बोलत राहायचा. लोक म्हणायचे, गनी सात दिवस फिरतो. पण ज्या घडीला हा गप्प बसला असता ना, त्या घडीला मी खाली पडलो असतो. मला झोप लागून राहिली की हा माझं नाव घ्यायचा. गावाला वाटायचं, जाहिरात करतोय. तो मला उठवत होता. ह्या माणसानं आयुष्यभर चोरी केली न्हाई, कुणाला फसवलं न्हाई, आणि हजारो लोकांना हसवलं. हे लपवायची गोष्ट हाय का?"

मागच्या रांगेतून एक पागोटेवाले गृहस्थ, दिगंबरच्या बहिणीच्या सासरचे, उभे राहिले. म्हणाले, "आमच्या गावाला आले होते हे. मी शाळा बुडवून बसायचो. भोंग्यावरचे ते... ते तुमचे वडील?" हे त्यांनी दिगंबरला विचारलं. दोनचार बायका आपसात बोलायला लागल्या. एकजण म्हणाली, आमच्याकडं पण आले होते.

दिगंबर उठला आणि माझ्याकडं आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं हात पुढं केला, मी माईक दिला. मला वाटलं, आता हा म्हणेल जेवायला चला, आणि विषय बंद करेल.

त्यानं माईक तोंडाजवळ नेला. "माझे वडील," तो म्हणाला, आणि थांबला. आवाज नारबाचा होता. मी इतकी वर्षं त्या पोराशी बोललो, पण माईकमधून ऐकला नव्हता. "माझे वडील भोंग्यावर बोलायचे."

एवढं बोलून तो उभा राहिला. मग मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, त्यानं तेच वाक्य परत म्हटलं. या वेळी मोठ्यानं.